स्ट्रोकनंतरचं पोषण : बिलात वेगळा न दिसणारा खर्च

निशिगंध

नमस्कार मंडळी. मी आहारतज्ज्ञ आहे आणि माझ्या कामाचा मोठा भाग स्ट्रोकच्या रुग्णांसोबत जातो. इथे स्ट्रोकवर बरेच धागे आहेत. लक्षणं कशी ओळखायची, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन किती वेळात मिळायला हवं, फिजिओथेरपी कधी सुरू करायची, सगळं आहे. रुग्णाच्या पोटात रोज नेमकं किती जातंय आणि ते कमी पडलं तर त्याची किंमत कोण मोजतं, यावर मात्र धागा सापडला नाही, म्हणून हा काढते आहे.

माझं म्हणणं एवढंच की, स्ट्रोकच्या रुग्णाचं खाणं औषधाइतकंच लिहून आणि मोजून दिलं पाहिजे, आणि तेही पहिल्या दिवसापासून. आज ते बहुतेक ठिकाणी 'जमेल तसं भरवा' या सूचनेवर चालतं.

आधी थोडी आकडेवारी. स्ट्रोकच्या रुग्णांना आहार कसा द्यावा, यावर 'फूड' नावाची एक मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी झाली. तिच्यातल्या 3012 रुग्णांची माहिती 2003 मध्ये प्रसिद्ध झाली. भरती होताना त्यातले साधारण 9 टक्के रुग्ण कुपोषित होते. सहा महिन्यांच्या पाठपुराव्यात कुपोषितांपैकी 37 टक्के दगावले, तर नीट पोषण असलेल्यांपैकी 20 टक्के. न्यूमोनिया, इतर जंतुसंसर्ग, पोटातला रक्तस्राव हे सगळंही कुपोषितांमध्ये जास्त आढळलं. हे झालं भरतीच्या वेळचं. भरती झाल्यानंतर जे कुपोषण होतं ते आणखी वेगळं. किती रुग्णांना होतं हे विचाराल तर मोजण्याच्या पद्धतीनुसार 6 टक्क्यांपासून 62 टक्क्यांपर्यंत उत्तरं मिळतात. एवढी तफावत आहे, कारण मोजायचं कसं यावरच वर्षानुवर्षं एकमत नव्हतं.

आता खर्चाकडे येते. स्ट्रोकच्या रुग्णालयातल्या खर्चाचा सर्वांत मोठा वाटा खाटेवरच्या दिवसांचा असतो. अन्न कमी गेलं की हे दिवस वाढतात, ते असे : स्नायू झिजतात, त्यामुळे खोकण्याची ताकद कमी होते आणि छातीतला कफ बाहेर येत नाही. प्रतिकारशक्ती उतरते. पडून राहिल्याने माकडहाडावर, टाचांवर जखमा होतात आणि प्रथिनांअभावी त्या भरत नाहीत. फिजिओथेरपिस्ट उभं करायला येतात तेव्हा रुग्णाला पाच मिनिटांत धाप लागते, म्हणून त्या दिवशीचा व्यायाम तिथेच थांबतो. या प्रत्येक गोष्टीचा खर्च बिलात लागतो, पण अँटिबायोटिक, ड्रेसिंग, एक्स-रे, वाढलेले दिवस अशा नावांनी. 'कमी खाल्लं' अशी ओळ कुठल्याच बिलात नसते.

इंग्लंडमधल्या एका अंदाजानुसार तिथे आरोग्य आणि सामाजिक देखभालीवर होणाऱ्या एकूण सरकारी खर्चापैकी 15 टक्क्यांहून अधिक खर्च कुपोषण असलेल्या किंवा त्याचा धोका असलेल्या रुग्णांवर होतो. हा आकडा सगळ्या आजारांचा मिळून आहे. फक्त स्ट्रोकचा विचार केलेला ब्रिटनमधला एक अभ्यास 2016 मध्ये आला. कुपोषणाचा धोका जास्त असलेले रुग्ण रुग्णालयात जास्त दिवस राहिले, त्यांच्यावरचा खर्च जास्त झाला आणि सहा महिन्यांत मृत्यूही जास्त झाले.

ज्यांनी घरी किंवा दवाखान्यात हे अनुभवलं आहे त्यांनी जरूर लिहा.

केदार_वि

चांगला विषय काढलात. वडिलांना स्ट्रोक आला तेव्हा खाटेवर 'तोंडाने काहीही देऊ नये' अशी पाटी लावली होती. गिळण्याची तपासणी करणारी व्यक्ती सुट्टीवर होती. आम्ही रोज विचारायचो, रोज उत्तर मिळायचं की 'सलाइन चालू आहे ना'. आम्हाला वाटायचं सलाइनमधून सगळं मिळतंय. घरी आणलं तेव्हा गालफडं बसली होती, मांड्या हाताला लागत नव्हत्या. सलाइनमधून खरंच काही मिळतं का, हे आजही कळलेलं नाही.

निशिगंध

केदार, साध्या सलाइनमध्ये पाणी आणि मीठ असतं, ऊर्जा शून्य. ग्लुकोजचं 5 टक्क्यांचं सलाइन असेल तर एका लिटरमध्ये 50 ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे जेमतेम 170 ते 200 कॅलरी, आणि प्रथिनं अजिबात नाहीत. 60 किलोच्या रुग्णाला दिवसाला साधारण 1500 ते 1800 कॅलरी आणि 60 ते 90 ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे दोन लिटर ग्लुकोज दिलं तरी ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा भागतो. सलाइन हे पाण्यासाठी असतं. ते चालू आहे म्हणजे जेवण चालू आहे, हा समज फार रुग्णांना महागात पडतो.

गालफडं आणि मांड्यांबद्दल तुम्ही लिहिलंत ते अगदी खरं निरीक्षण आहे. धडधाकट वयस्कर माणसांना दहा दिवस फक्त झोपवून ठेवलं होतं, असा 2007 चा एक प्रयोग आहे. त्यांना शिफारशीएवढी प्रथिनंही मिळत होती. तरी दहा दिवसांत पायांचं जवळजवळ एक किलो वजन घटलं, तेही चरबीचं नव्हे. आजार नसताना ही गत, मग उपाशी पोटी आणि एक बाजू लुळी असलेल्या माणसाचं काय होत असेल.

वाचाश्री

मी वाचा आणि गिळण्याच्या दोषांवर काम करते. केदार यांनी लिहिलेली पाटी मी रोज बघते, म्हणून सविस्तर लिहिते.

पाटी लावणं चूक नसतं. स्ट्रोकनंतर गिळण्याचा त्रास किती जणांना होतो हे तपासणी किती बारकाईने केली यावर ठरतं. नुसत्या चाळणीत, म्हणजे झटपट प्राथमिक तपासणीत, 37 ते 45 टक्क्यांत सापडतो, यंत्राने बघितलं तर 64 ते 78 टक्क्यांत. हा त्रास असेल तर न्यूमोनियाचा धोका तिपटीने वाढतो, आणि अन्न-पाणी प्रत्यक्ष श्वासनलिकेत जात असेल तर अकरा पटींहून जास्त. काहींना घास श्वासनलिकेत गेला तरी ठसकासुद्धा लागत नाही. घरच्यांना वाटतं बाबा छान खातायत, आणि तिसऱ्या दिवशी ताप येतो. म्हणून तपासल्याशिवाय तोंडात पाणीही घालू नका, ही सूचना पाळलीच पाहिजे.

चूक होते ती पुढे. पाटी लागते आणि तशीच राहते. गिळणं पहिल्याच दिवशी, पहिल्या घासाच्या किंवा गोळीच्या आधी तपासलं गेलं पाहिजे. त्यासाठी माझ्यासारखीच व्यक्ती हवी असंही नाही, प्रशिक्षण घेतलेल्या सिस्टरही पहिली चाळणी उत्तम करतात. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या 19 स्ट्रोक युनिटमध्ये याची मोठी चाचणी झाली, 2011 मध्ये तिचे निष्कर्ष आले. सिस्टरांनी फक्त तीन गोष्टी शिस्तीत सांभाळायच्या : ताप, रक्तातली साखर आणि गिळणं. नव्वद दिवसांनी मृत्यू किंवा परावलंबित्वाचं प्रमाण नेहमीच्या पद्धतीत 58 टक्के होतं, या पद्धतीत 42 टक्के. एकही नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. मला व्यावसायिक आयुष्यात एवढा दिलासा देणारे आकडे फार थोडे भेटले आहेत.

दुसरा मुद्दा घट्ट केलेल्या पाण्याचा. पातळ पाणी वेगाने घशात उतरतं, ते सांभाळता येत नसेल तर पावडर घालून घट्ट करतो. पण ते चवीला बरं लागत नाही, तहान भागल्यासारखं वाटत नाही, म्हणून रुग्ण कमी पितात. लघवी गडद होते, बद्धकोष्ठ होतं, गुंगी येते, आणि मग भूक उरलीसुरली तीही जाते. म्हणून घट्टपणाची पातळी अंदाजाने ठरवू नका. आता 0 ते 7 अशी आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे. आपल्या माणसाला कोणती पातळी सांगितली आहे ते लिहून घ्या, आणि ती पुन्हा कधी तपासणार हेही विचारा. गिळणं बऱ्याच जणांचं काही आठवड्यांत सुधारतं. जुनी पातळी महिनोन् महिने चालू ठेवलेले रुग्ण मी बघते तेव्हा फार वाईट वाटतं.

आणि तोंडाची स्वच्छता! नळीने फीड (पातळ आहार) चालू असलं तरी दिवसातून दोनतीनदा दात, जीभ, कवळी साफ झालीच पाहिजे. तोंडातले जंतूच लाळेबरोबर छातीत उतरतात.

ताळेबंद

धागा वाचतोय. माझा व्यवसाय हिशेबाचा आहे, वैद्यकीय नाही, तरी एक शंका विचारतो. मोठा झटका आलेला माणूस कमी खाणार हे उघड आहे. तोच जास्त दिवस राहणार, त्याचाच खर्च जास्त होणार, हेही उघड आहे. मग कुपोषणामुळे खर्च वाढला असं कसं म्हणता येईल? दोन्ही गोष्टी मूळ आजाराच्या गांभीर्यातून आलेल्या असू शकतात. तसं असेल तर आहारावर पैसे घालून काही वाचणार नाही, उलट एक नवा खर्च वाढेल. आमच्या घरी आजारपणात प्रथिनांच्या पावडरीच्या डब्यांवर बरेच पैसे गेले आणि विमा कंपनीने ते नामंजूर केले, म्हणून जरा टोकून विचारतोय. राग मानू नये.

निशिगंध

राग कसला, हाच प्रश्न विचारायला हवा.

तुमची शंका अर्धी बरोबर आहे. गंभीर झटका आणि कमी खाणं हातात हात घालून येतात, त्यामुळे नुसत्या तुलनेतून कारण सिद्ध होत नाही. मी वर दिलेल्या 2003 च्या माहितीत वय, आधीची तब्येत, झटक्याचं गांभीर्य हे सगळं हिशेबात धरल्यावर फरक कमी झाला, पण पुसला गेला नाही. तरीही हे निरीक्षणच. खरी परीक्षा म्हणजे एका गटाला पोषण द्यायचं, दुसऱ्याला नाही, आणि बघायचं.

ती झाली आणि पहिला निकाल आमच्यासारख्यांना निराश करणारा होता. 'फूड' चाचणीच्या एका भागात गिळता येणाऱ्या 4023 रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या जेवणाबरोबर वरचं पूरक पेय दिलं. 2005 चा निष्कर्ष असा की सरसकट सगळ्यांना ते देऊन म्हणण्यासारखा फायदा झाला नाही. पण त्यात कुपोषित होते अवघे 8 टक्के. ज्यांचं पोषण मुळात ठीक आहे त्यांना डबे देऊन उपयोग नाही, हे त्यातून कळलं. ताळेबंद, तुमच्या घरातले डबे कदाचित याच प्रकारात मोडत असतील. गरज न तपासता आणलेला डबा हा खर्चच असतो.

आता निवडून दिलं तर काय होतं ते बघा. 2008 मध्ये पुनर्वसन विभागातल्या 116 कुपोषित स्ट्रोक रुग्णांवर प्रयोग झाला. जास्त ऊर्जा आणि प्रथिनं असलेलं पूरक ज्यांना मिळालं त्यांची हालचाल, चालण्याचं अंतर जास्त सुधारलं आणि त्यांच्यातले जास्त जण थेट घरी जाऊ शकले. स्मरण आणि आकलनात फरक पडला नाही, तेही सांगायला हवं. 'घरी जाऊ शकले' हे हिशेबाच्या भाषेत फार मोठं वाक्य आहे, कारण दीर्घकाळच्या देखभाल केंद्राचा खर्च टळतो.

मग स्वित्झर्लंडमधल्या आठ रुग्णालयांतली 2019 ची चाचणी. ही केवळ स्ट्रोकची नाही, निरनिराळ्या आजारांच्या 2088 रुग्णांची आहे. सगळे कुपोषणाचा धोका असलेले. प्रत्येकाचं उद्दिष्ट ठरवून आहारतज्ज्ञाने रोज पाठपुरावा केला. तीस दिवसांतले मृत्यू 10 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर आले. पुढे खर्चाचं विश्लेषण झालं तेव्हा आहारावर झालेला खर्च आयसीयूचे दिवस आणि गुंतागुंती टळल्याने भरून निघाला असं दिसलं.

म्हणजे आधी चाळणी, मग ज्याला गरज त्यालाच आणि पुरेसं. या क्रमाने गेलं तरच पैसे वाचतात.

ताळेबंद

धन्यवाद, हे पटलं. सरसकट आणि निवडून यातला फरक कुणी तरी आधी सांगायला हवा होता. चाळणी घरच्यांना करता येते का?

निशिगंध

येते. 2003 पासून 'मस्ट' नावाची एक सोपी पद्धत वापरात आहे. तीन गोष्टी बघायच्या. बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) 20 पेक्षा जास्त असेल तर 0 गुण, 18.5 ते 20 असेल तर 1, त्याखाली 2. गेल्या तीन ते सहा महिन्यांत नकळत घटलेलं वजन : 5 टक्क्यांपेक्षा कमी 0, 5 ते 10 टक्के 1, त्यावर 2. आणि तीव्र आजारामुळे पाच दिवसांहून अधिक काळ पोटात काही गेलं नसेल किंवा जाण्याची शक्यता नसेल तर 2. बेरीज 2 किंवा जास्त म्हणजे मोठा धोका. म्हणजे पाच दिवसांचा उपवास एवढ्या एकाच कारणानेही रुग्ण धोक्याच्या गटात जातो, वजन कितीही असो.

उभं राहता येत नसेल तर वजन कसं करणार, हा पुढचा प्रश्न येतो. खाटेचा किंवा खुर्चीचा काटा रुग्णालयात मागा. तोही नसेल तर दंडाचा घेर मोजपट्टीने मोजा, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, लुळ्या बाजूचा दंड सोडून. 23.5 सेंटिमीटरपेक्षा कमी आला तर बीएमआय 20 च्या खाली असण्याची शक्यता बरीच आहे. दर आठवड्याला त्याच जागी मोजा आणि तारीख घालून लिहा.

रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनावरून पोषण ठरवू नका, ही एक विनंती. जंतुसंसर्ग किंवा सूज असली की ते आपोआप उतरतं. बऱ्याच फाइलींमध्ये अजून 'अल्ब्युमिन कमी, आहार वाढवा' एवढंच लिहिलेलं असतं.

सिस्टर_शुभा

मी वॉर्डात असते म्हणून ताटाबद्दल लिहिते. कागदावर 1800 कॅलरी लिहिल्या जातात, पण ताट परत जातं ते बघायला कोणी नसतं.

एक आजोबा रोज ताटातलं बरोबर अर्धं खायचे. घरचे म्हणायचे भूकच अर्धी झालीय. त्यांच्या मेंदूला डावीकडची जाणीव होत नव्हती. नजर ठीक होती, पण डावीकडे काही आहे हेच त्यांना कळत नव्हतं. ताट अर्धं फिरवलं की उरलेलंही खायचे. आता नवा रुग्ण आला की मी ताटात नेमकं कुठल्या बाजूला उरलंय ते आधी बघते.

अशी कितीतरी कारणं असतात. उजवा हात गेलेला, डाव्याने चमचा धरता येत नाही आणि सांडतं म्हणून लाजून खात नाहीत. बोलता येत नाही, त्यामुळे आवडत नाही की दुखतंय हे सांगता येत नाही. वजन उतरल्यावर कवळी सैल होते आणि चावताना टोचते. जेवणाच्या वेळीच नेमकं स्कॅनला नेतात, परत आल्यावर ताट उचललेलं असतं. साधारण तिघांत एकाला स्ट्रोकनंतर नैराश्य येतं, त्यांना तर घास तोंडाशी नेण्याचीही इच्छा नसते. याला 'हट्ट करतात' असं म्हटलं जातं तेव्हा मला फार त्रास होतो.

नळीच्या फीडचा हिशेबही सांगते. समजा सहा वेळा 200 मिली लिहिलं आहे आणि फीड मिलिलिटरला एक कॅलरी देणारं आहे, तर दिवसाला 1200 झाल्या. आधीच कमी. त्यात एक फीड तपासणीसाठी चुकलं, एक उलटीसारखं वाटलं म्हणून थांबवलं, की उरल्या 800. फीड नळीतून सहज उतरावं म्हणून कोणी पाणी घालून पातळ केलं की आणखी घट. तक्त्यावर मात्र 'फीड चालू' असंच दिसतं. नातेवाइकांनी वहीत प्रत्यक्ष गेलेले मिली लिहावेत. आम्हा सिस्टरांना त्याचा राग येत नाही, मदतच होते. एकीला डझनावारी रुग्ण असतात तेव्हा ती वही सोन्यासारखी वाटते.

फीड देताना डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश वर, आणि संपल्यावरही काही वेळ तशीच. नळी जागेवर आहे का हे सिरिंजने हवा सोडून पोटावर आवाज ऐकून ठरवू नका, ती पद्धत भरवशाची नाही. पोटातला द्राव ओढून त्याची आम्लता कागदी पट्टीवर बघतात, 5.5 किंवा कमी असली तर ठीक. शंका असेल तर एक्स-रे.

मनवा

माझ्या सासूबाईंचं वजन आधीपासून जास्त आहे, शिवाय मधुमेह आणि रक्तदाब. स्ट्रोकनंतर बरंच वजन उतरलं तेव्हा सगळे म्हणाले, बरं झालं, उतरायलाच हवं होतं. साखर बंद, मीठ बंद, तेल बंद. आता त्यांना खुर्चीतून उठायला दोघं लागतात. जाड माणूसही कुपोषित असू शकतो का?

निशिगंध

नक्कीच असू शकतो, मनवा. आजारपणात उतरलेल्या वजनात स्नायू मोठ्या प्रमाणात असतो. चरबी बऱ्यापैकी शिल्लक राहते म्हणून बाहेरून कळत नाही. खुर्चीतून उठायला दोघं लागणं हे लक्षण मी वजनाच्या आकड्यापेक्षा गंभीर धरते.

पथ्य पूर्ण सोडा असं मी म्हणणार नाही, साखर आणि रक्तदाब सांभाळायलाच हवेत, दुसरा झटका टाळायचा आहे. पण पथ्यांच्या तीन याद्या एकत्र केल्या की खाण्यासारखं काहीच उरत नाही, आणि मग त्या काहीच खात नाहीत. बऱ्या होण्याच्या या काळात क्रम बदलतो : आधी पुरेशी प्रथिनं आणि ऊर्जा, साखर औषधांनी आटोक्यात, वजन कमी करणं नंतर कधीतरी. मूत्रपिंडाचा त्रास नाही ना हे डॉक्टरांना विचारून प्रथिनांचं प्रमाण ठरवा आणि ते दिवसभरात विभागून द्या. सध्याची पथ्यं कोणी, कधी आणि कशासाठी लिहून दिली हेही विचारा. पुष्कळदा ती आजाराच्या आधीची, वजन कमी करण्यासाठीची यादी असते.

न्यूरो_दिगंत

डॉक्टर म्हणून दोन मुद्द्यांची भर घालतो.

एक, बरेच दिवस उपाशी राहिलेल्या रुग्णाला एकदम पूर्ण आहार देऊ नका. अन्न सुरू झालं की इन्सुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने पेशींत ओढलं जातं. त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात, श्वास अडू शकतो. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या युद्धकैद्यांमध्ये हे पहिल्यांदा ठळकपणे दिसलं. म्हणून धोका असलेल्यांत वजनाच्या किलोमागे दिवसाला 10 कॅलरी एवढ्यापासून सुरुवात, आधी थायामिन (ब1 जीवनसत्त्व), रोज रक्ततपासणी आणि काही दिवसांत हळूहळू वाढ. केदार यांच्यासारखी परिस्थिती असेल तर 'भरून काढू' म्हणून घरी जोमाने भरवणं धोक्याचं ठरू शकतं.

दोन, नळी कधी आणि कोणती. गिळण्याचा गंभीर त्रास आठवड्याहून जास्त चालेल असं वाटत असेल तर पहिल्या 72 तासांत नाकातून नळी घालावी, असं युरोपीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. पोटातून थेट नळी, म्हणजे पेग, चार आठवड्यांहून जास्त काळ लागणार असेल तर. ती सुरुवातीलाच घालण्याची घाई नको. 'फूड' चाचणीच्या तिसऱ्या भागात सुरुवातीलाच पेग घातलेल्या रुग्णांचे परिणाम नाकातल्या नळीपेक्षा वाईट निघाले होते.

याच चाचणीच्या दुसऱ्या भागाबद्दल लिहिणं मला अवघड जातं, पण टाळता येत नाही. लवकर नळी घातल्याने मृत्यू 5.8 टक्क्यांनी कमी झाल्यासारखे दिसले. आकडेशास्त्राच्या दृष्टीने ते पक्कं ठरलं नाही. पण वाचलेल्यांपैकी बरेच जण मोठ्या अपंगत्वासह वाचले. याचा अर्थ नळी घालू नये असा मी घेत नाही. घरच्यांशी पहिल्याच आठवड्यात मोकळं बोललं पाहिजे, असा घेतो : नळी कशासाठी आहे, किती दिवसांनी पुन्हा विचार करू, आणि स्वतः रुग्णाने आधी कधी काही इच्छा बोलून दाखवली होती का. हे बोलणं झालं नाही तर नळी तशीच चालू राहते. मग घरातल्या कुणाची तरी नोकरी सुटते, दर काही तासांनी फीड द्यायला माणूस लागतो, आणि हा खर्च कुठल्याच रुग्णालयाच्या हिशेबात येत नाही. पोषणाचा खर्च म्हणताना मला हाही त्यात धरावासा वाटतो.

मनवा

डॉक्टर, शेवटचा परिच्छेद वाचून बरं वाटलं. नोकरी माझीच सुटली आहे. हे कुणी हिशेबात धरलेलं पहिल्यांदाच वाचलं.

वाचाश्री

मनवा, जवळपास पुनर्वसन केंद्र असेल तर सासूबाईंना एकदा गिळण्याच्या फेरतपासणीला न्या. जेवायला किती वेळ लागतो हेही त्यांना सांगा. एका जेवणाला अर्ध्या तासाहून जास्त लागत असेल तर त्या थकून थांबतात, पोट भरून नाही. अशा वेळी दिवसातून थोडं थोडं, जास्त वेळा आणि कमी घासांत जास्त ऊर्जा, हे जमतं.

केदार_वि

सगळ्यांचे आभार. वडिलांना अजून नाकातली नळी आहे, चार आठवडे व्हायला आलेत. दोन व्यावहारिक प्रश्न. फिट्ससाठी फेनिटॉइन चालू आहे, ते फीडबरोबर दिलं तर चालतं का? आणि गोळ्या कुटून घालतो त्या सगळ्याच कुटता येतात का?

न्यूरो_दिगंत

फेनिटॉइन फीडबरोबर दिलं तर नीट शोषलं जात नाही आणि रक्तातली पातळी उतरू शकते. साधारणपणे औषधाच्या आधी आणि नंतर एक ते दोन तास फीड थांबवतात, नळी पाण्याने धुऊन घेतात. पण या थांबण्यात फीडचे तास कमी होतात, त्यामुळे निशिगंध यांच्यासारख्या आहारतज्ज्ञाकडून वेळापत्रक नव्याने बसवून घ्या. पातळीची रक्ततपासणीही करा.

गोळ्या सगळ्या कुटता येत नाहीत. हळूहळू विरघळणाऱ्या आणि आतड्यात विरघळण्यासाठी वेष्टन असलेल्या गोळ्या कुटल्या की सगळा डोस एकदम उतरतो किंवा औषध वाया जातं. पूर्ण यादी डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला दाखवा, बहुतेकांना पातळ औषधाचा पर्याय असतो. प्रत्येक औषध वेगळं द्या, मध्ये पाणी सोडा, फीडमध्ये मिसळू नका.

निशिगंध

आणि केदार, चार आठवडे होत आलेत तर पुढच्या भेटीत तीन गोष्टी एकत्रच विचारा : गिळण्याची फेरतपासणी, आजचं वजन, आणि पेगबद्दलचा निर्णय. फेरतपासणी आधी व्हायला हवी. तोंडाने थोडं जरी सुरू करता आलं तर पेगचा विचार कदाचित पुढे ढकलता येईल. वजन आणि दंडाचा घेर इथे लिहा किंवा मला व्यक्तिगत निरोप पाठवा, फीडचा हिशेब मांडून देते. तो तुमच्या डॉक्टरांना दाखवूनच अमलात आणा.

केदार_वि

आज संध्याकाळीच मोजतो आणि लिहितो.